चिकन्या कागदाला भाव नाय

रविवारी सकाळी रद्दीवाला आला होता. तो दर दोनेक महिन्यांनी येतो, जिन्यातच फतकल मारून बसतो, पेपरांचे गठ्ठे काट्याच्या हुकाला लटकवतो आणि काटा हलायचा थांबला न थांबला की आकडा सांगून मोकळा होतो. ह्या वेळी पेपरांबरोबर आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिवळी मासिकं होती. नॅशनल जिऑग्राफिक. पाच गठ्ठे, सुतळीने बांधलेले, तेही आप्पांनी स्वतः बांधलेले, म्हणजे गाठ अशी की दातांनीसुद्धा सुटायची नाही. आई आता आमच्याकडेच राहते, वरचा तिचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, एजंट रोज फोन करतो, त्यामुळे एकेक कपाट रिकामं करणं चाललंय. रद्दीवाल्याने पहिल्या गठ्ठ्यावरून हात फिरवला, एक पान बोटात धरून चोळलं आणि म्हणाला, "ताई, हा चिकना कागद, ह्याला भाव नाय. पेपरला १४ देतो, ह्याला ६." मी घासाघीस करणार तेवढ्यात नवरा खालून वर आला, हातात पंपाच्या खोलीची किल्ली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मागून वॉचमनचा आवाज की साहेब टाकी अजून भरत नाहीये. तो आमच्या दोघांकडे बघून म्हणाला, "देऊन टाक ना सहाने. आप्पांचं ओझं अजून किती दिवस वागवायचं आपण?" आणि आत जाऊन पाय धुवायला लागला.

३१ किलो भरली. १८६ रुपये आले.

कुठलं ओझं, हे मी विचारलं नाही. पण दिवसभर ते वाक्य दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखं जिभेला लागत राहिलं.

त्याचं कारण सांगायचं तर आमच्या बिल्डिंगपासून सुरुवात करायला लागेल. ठाण्यात नौपाड्यातली चार मजली, १६ फ्लॅटची, लिफ्ट नसलेली बिल्डिंग, जिन्याला लाल कोबा आणि कठड्याला हात लावला की अजूनही ऑइलपेंटचा पापुद्रा हाताला लागतो. आप्पा २४ वर्षं तिथे चेअरमन होते. बँकेतून रिटायर झालेले, पण जीव सगळा नकाशात. त्यांना सोसायटी म्हणजे छोटा देशच वाटायचा. मीटरच्या खोलीत त्यांनी काढलेला बिल्डिंगच्या पाइपलाइनचा नकाशा अजून लावलेला आहे, पेन्सिलीने काढलेला, वर प्लास्टिकचं कव्हर, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर आणि कोपऱ्यात चक्क उत्तर दिशेचा बाण. प्लंबरला उत्तर दिशा कशाला लागते असं मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले, "त्याला नाही लागत, नकाशाला लागते." नोटीस लिहायचे ती सुद्धा अशी की 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' ह्याच्या पुढे कोणी वाचायचंच नाही. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं बोर्डावर लावा असं कमिटीतले म्हणायचे पण आप्पांनी कधी लावली नाहीत, संध्याकाळी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसायचे, चहा प्यायचे, पैशाचा विषयच काढायचे नाहीत, आणि उठताना फक्त म्हणायचे, बरं, येतो. पुढच्या आठवड्यात चेक यायचा. काही वेळा नाही यायचा, मग ते गुपचूप स्वतःच्या खिशातून भरायचे, हे आम्हाला ते गेल्यावर पासबुकातून कळलं आणि आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

आप्पा गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कमिटी आमच्या हॉलमध्ये. सगळे खुर्च्यांच्या कडेवर बसलेले, लाडू नको चहाच पुरे वगैरे. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, रिकाम्या जागेवर कुणाला तरी को-ऑप्ट करायला लागेल, आणि सगळ्यांनी एकदम माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, मला ह्यातलं काही कळत नाही. खरंच कळत नाही हो त्याला. कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर आहे, दिवसभर मशिनी, आणि रात्री जेवणं झाली की गॅलरीत टेबललॅम्प लावून जुने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बसणार. घरात कायम सोल्डरिंगचा तो गोडसर जळका वास. बारा-साडेबाराला मधेच खरखर होऊन कुठलंतरी स्टेशन लागलं की गालातल्या गालात हसणार आणि लगेच बंद करणार, आई झोपलीय म्हणून. असा माणूस. त्याने दोनदा नाही म्हटलं. मी स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अरे घे ना, आप्पांची खुर्ची आहे." आता सगळ्यांच्या देखत असं म्हटल्यावर जावयाने काय करायचं? तो हो म्हणाला. त्याला आता दीड वर्ष झालं, आणि गॅलरीतल्या टेबलावर एका रेडिओचं पोट उघडं पडलंय ते तसंच आहे, वर धूळ, मी फडकं मारायला गेले तर म्हणतो हात लावू नको, लक्षात राहिलं पाहिजे मी कुठपर्यंत आलो होतो ते.

तर ही पिवळी मासिकं आणि ही खुर्ची माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटली आहेत त्याला कारण आप्पांचीच एक आवडती गोष्ट. तलावपाळीवर फेऱ्या मारताना ते जावयाला धरून सांगायचे. "फोनवाला बेल माहितीय ना तुम्हाला? तो पण सोसायटीचा चेअरमन होता." आणि मग स्वतःच खूष होऊन हसायचे, कारण ती सोसायटी म्हणजे नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी. १८८८ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या एका क्लबात ३३ माणसं जमली, कोणी सर्वेक्षणवाले, कोणी हवामानवाले, कोणी नुसतेच हौशी, आणि त्यांनी ती काढली. पहिले अध्यक्ष गार्डिनर हबर्ड. हबर्ड काही भूगोलाचे तज्ज्ञ नव्हते, वकील होते, आणि मुख्य म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेलचे सासरे. ह्यांनीच फोनच्या पेटंटचा अर्ज पुढे होऊन दाखल केला होता, १४ फेब्रुवारी १८७६ ला, जावई अजून जावई झाला नव्हता तेव्हा. १८९७ च्या डिसेंबरात हबर्ड गेले आणि पुढच्याच महिन्यात खुर्चीत बसवलं कुणाला, तर बेलला. वय ५०. त्याला त्या वेळी पतंगांचं वेड लागलेलं, कॅनडात नोव्हा स्कॉशियाला डोंगरावर घर बांधलेलं, तिथे मोठमोठे पतंग उडवून माणूस उडू शकेल का हे बघत बसायचं, रात्र रात्र काम करायचं आणि सकाळी उशिरा उठायचं. भूगोल हा त्याचा विषय नव्हता आणि मीटिंगा तर नव्हत्याच. आप्पा इथपर्यंत आले की माझ्या नवऱ्याला हमखास सांगायचे की ठाण्याला पहिली रेल्वे आली, बोरीबंदरपासून ३४ किलोमीटर, १६ एप्रिल १८५३, तेव्हा हा बेल ६ वर्षांचा होता. ह्याचा त्याच्याशी काय संबंध ते कधी कळलं नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवायला त्यांना आवडायच्या बहुतेक, लोकांना वाटीत लिमलेटच्या गोळ्या ठेवायला आवडतात तशा.

आप्पांच्या गोष्टीत एक माणूस मात्र कायम घाईघाईत उरकला जायचा. बेलची बायको. "बायकोने आणि सासूने गळ घातली, मग घेतलं त्याने," एवढंच, आणि पुढे. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मी तिच्याबद्दल शोधून वाचत बसले, आणि वाचता वाचता मला कसंतरीच व्हायला लागलं.

मेबल तिचं नाव. पाचेक वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने बहिरी झाली, ओठांवरून बोलणं ओळखायची. बेल तिचा शिक्षक. १८७७ च्या जुलैत लग्न झालं तेव्हा त्याने फोन कंपनीतले स्वतःचे जवळपास सगळे शेअर तिच्या नावावर करून टाकले, स्वतःला ठेवले १०. (आमच्याकडे लग्नात मला मिक्सर मिळाला होता, चालतोय अजून.) तिचे वडील गेल्यावर त्यांनी उभी केलेली संस्था डगमगताना बघून तिला काय वाटलं असेल ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. सभासद जेमतेम हजार, डोक्यावर सुमारे २,००० डॉलरचं कर्ज, मासिक निघायचं ते कधी वेळेवर कधी नाही, आणि आत लेख असे की शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी लिहिलेले. ती बंद पडली असती तर जगाचं त्या वेळी फारसं बिघडलं नसतं. संस्था बंद पडतातच. आपल्या मुंबईतही एक जिऑग्राफिकल सोसायटी होती, इंग्रजांच्या काळातली, ती १८७३ मध्ये एशियाटिक सोसायटीत विलीन झाली, आज टाउन हॉलच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल. पण मुलीला ते बघवत नाही. मुलीला वाटतं वडिलांची खुर्ची रिकामी दिसायला नको, परका बसायला नको, आणि स्वतः बसायची पद्धत नाही म्हटल्यावर मग घरातला जो हाताशी असेल त्याला बसवायचं. त्याच्या पतंगांचं काय होईल हा विचार नंतर. माझ्या मनात तर ट्रे खाली ठेवेपर्यंत आला पण नव्हता. आणि मेबलच्या काळात पद्धत नव्हती हे ठीक आहे, माझ्या काळात तर होती ना. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. मी का नाही म्हटलं की मी होते चेअरमन? हा प्रश्न रविवारी दुपारी पहिल्यांदा पडला, दीड वर्षाने, आणि त्याचं उत्तर काही फार शोभणारं नाहीये. मला पंपाच्या खोलीत जायचं नव्हतं. तिथे झुरळं आहेत.

असो.

आप्पांच्या गोष्टीतला त्यांचा सगळ्यात लाडका भाग टेबलाचा. बेलने खुर्ची घेतल्यावर वर्षभरात एक गोष्ट ओळखली की आपल्याच्याने हे रोजचं काम होणार नाही, आणि फुकट काम करणाऱ्या मोठ्या मोठ्या माणसांच्या फावल्या वेळावर मासिक चालत नाही. मग त्याने पगारी माणूस शोधायला घेतला. ओळखीच्या एका प्राध्यापकांचे जुळे मुलगे होते, त्यातला गिल्बर्ट ग्रोव्हनर तयार झाला, वय २३, न्यू जर्सीत शाळेत शिकवत होता. १ एप्रिल १८९९ ला तो कामावर हजर झाला. पगार महिना १०० डॉलर, आणि तो सोसायटीच्या तिजोरीतून द्यायला तिजोरीत होतं काय, तर बेल स्वतःच्या खिशातून द्यायचा. (इथे आप्पा जरा थांबायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं दम लागला म्हणून.) बेल त्या पोराला ऑफिस दाखवायला घेऊन गेला, ट्रेझरीजवळच्या एका इमारतीत भाड्याची छोटी खोली, त्यातही अर्धी दुसऱ्या संस्थेची, दोन डुगडुगत्या खुर्च्या, एक छोटं टेबल, आणि न खपलेल्या अंकांची खोकी. बेलच्या लक्षात आलं की पोराला बसून लिहायला धड टेबल नाही. तर म्हणाला माझं पाठवतो, आणि त्याच दुपारी हमालांनी बेलचं स्वतःचं अक्रोडाच्या लाकडाचं झाकणवालं डेस्क आणून ठेवलं. आप्पांना ही गोष्ट सांगताना दर वेळी त्या डेस्कचा वास येत असावा असा चेहरा व्हायचा. आणि शेवटी म्हणायचे, "पुढे तोच पोरगा त्याचा जावई झाला. कळलं का जावईबापू!" म्हणजे बघा, सासऱ्याची खुर्ची जावयाला, जावयाचं डेस्क त्याच्या जावयाला. हे ऐकून माझा नवरा तेव्हा नुसता हसायचा, तलावातल्या कारंज्याकडे बघत. त्याला काय माहीत आपल्याला जाळ्यात घ्यायची तयारी चाललीय. आप्पांचं तसं काही मनात असेल असं मला वाटत नाही, पण हल्ली मी कशाचीच खात्री देत नाही.

खरं म्हणजे मला त्या डेस्कपेक्षा दुसराच भाग जास्त आवडतो, जो आप्पा सांगायचे पण त्यावर थांबायचे नाहीत. बेल आणि ग्रोव्हनर ह्या दोघांनी मासिक विकायचंच नाही असं ठरवलं. स्टॉलवर ठेवून खपवायला गेलं तर दुसऱ्या गुळगुळीत मासिकांसमोर टिकाव लागणार नाही, म्हणून लोकांना सांगायचं की तुम्ही सोसायटीचे सभासद व्हा, वर्षाला २ डॉलर, मासिक तुम्हाला सभासद म्हणून घरी येईल. आणि जुन्या सभासदांनाच पत्रं टाकायची की तुमच्या ओळखीतली कोणी योग्य माणसं असतील तर नावं सुचवा. म्हणजे एखाद्या लांबच्या खेड्यातल्या डॉक्टरला एक दिवस पत्र येणार की वॉशिंग्टनच्या जिऑग्राफिक सोसायटीत तुमचं नाव सुचवलं गेलंय. कोण नाही म्हणेल? १९०० च्या ऑक्टोबरात पोरगा लग्नासाठी लंडनला गेला, बेलच्या मुलीशीच, आणि हनिमूनहून परत येतो तर कमिटीने मासिक न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाकडे छपाईला नेऊन ठेवलेलं. कमिटी ही चीज सगळीकडे सारखीच. त्याने ते परत वॉशिंग्टनला आणलं. आमच्या आप्पांनी अशाच पद्धतीने मासिक घेतलं होतं मधली काही वर्षं, बाकीचे जुने अंक फोर्टातल्या फुटपाथवरून, आणि वर्गणी भरल्यावर जे पत्र आलं त्याची सुरुवात 'प्रिय सभासद' अशी होती, इंग्रजीत अर्थातच. ते पत्र त्यांनी बरीच वर्षं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलेलं. मी कॉलेजात होते, मला हसू यायचं. अहो आप्पा, ते सगळ्यांनाच तसं पाठवतात. ते म्हणायचे, "पाठवू देत की. मी पण आहेच ना सगळ्यांत."

आणि त्याच आप्पांच्या सोसायटीत, जिथे कागदोपत्री १६ चे १६ सभासद, शेअर सर्टिफिकेटसकट, तिथे एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, सहा डोकी यायची. कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायचं आणि मग तीच सभा परत सुरू करायची, दर वर्षी. कोणी सिंकिंग फंड म्हणजे काय विचारणार नाही आणि चहाबरोबर सामोसा होता की वडा ते बरोबर लक्षात ठेवणार. नवऱ्याने पहिले सहा महिने आप्पांसारखंच करून पाहिलं. नोटिसा लिहिल्या, 'कळविण्यात येते की' सकट. लोकांकडे संध्याकाळी जाऊन बसला, पण त्याला गप्पाच मारता येत नाहीत, तो नुसता बसायचा, आणि समोरच्याला वाटायचं ह्यांचं घरी भांडण झालं असावं. एका वहिनींनी मला विचारलं पण तसं. चेक कोणाचाच आला नाही. तो रात्री घरी येऊन काही न बोलता जेवायचा, गॅलरीच्या दारापर्यंत जायचा, आणि तिथूनच परत फिरून झोपायचा. मी बघायचे. बघून न बघितल्यासारखं पण करायचे.

मग ह्या पावसाळ्याआधी जमिनीखालच्या टाकीचं झालं. टाकीचा स्लॅब आतून गेलाय, सळया उघड्या पडल्यात, हे आप्पा पण दोन वर्षं नोटिशीत लिहीत होते, 'सदर टाकीची अवस्था धोकादायक असून'. कोणालाही काही वाटत नव्हतं कारण टाकीवर तर गाड्या लागतात आणि रोज लागतात. नवऱ्याने एका रविवारी टाकी रिकामी करून घेतली, स्वतः शिडी लावून उतरला, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरला आणि वर बघून फोटो काढले. बाहेर आला तेव्हा अंगाला शेवाळाचा आणि गंजाचा वास, दोनदा आंघोळ करून पण जाईना. ते फोटो त्याने ग्रुपवर टाकले. खाली एक अक्षर लिहिलं नाही. सळ्या अशा फुगून फुटलेल्या, सिमेंटचे ढलपे पडलेले, आणि एका फोटोत फटीतून वरच्या गाडीच्या टायरची नक्षी दिसत होती. ती गाडी कोणाची ते सगळ्यांना टायरवरून कळलं, आणि गाडी दहा मिनिटांत हलली. रात्री नऊपर्यंत ग्रुपवर जे काही सुरू झालं ते मी सांगत नाही, पण आठवड्याने स्पेशल मीटिंग घेतली तर १६ पैकी १४ घरांतली माणसं खाली पार्किंगमध्ये उभी, काही घरांतून दोन दोन, खुर्च्या कमी पडल्या. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन मोठ्याने वाचून दाखवायला लागलं, लोकांनी प्रश्न विचारले, चुकीचे का होईना पण विचारले. वर्गणीचे निम्मे चेक त्याच रात्री आले. तिसऱ्या मजल्यावरचे काका जिना चढताना म्हणाले, "आप्पांच्या वेळी हे असं कधी कळलंच नाही हो." मला त्यांचा इतका राग आला. आप्पांनी लिहिलं होतं. दोन वर्षं लिहिलं होतं. आणि त्याच वेळी नवऱ्याचा अभिमान पण वाटत होता, म्हणजे एकाच पायरीवर दोन्ही, आणि कठड्याचा पापुद्रा नखाने काढत मी तिथेच उभी राहिले जरा वेळ.

ग्रोव्हनरचं असंच काहीतरी झालं होतं. छपाईची वेळ झाली आणि ११ पानं रिकामी, टाकायला काही नाही. टपालातून एक पाकीट आलेलं होतं, त्यात दोन रशियन प्रवाशांनी काढलेले ल्हासाचे फोटो, आणि ते ल्हासा म्हणजे तेव्हा बाहेरच्यांना जवळपास बंदच. त्याने ११ च्या ११ पानं नुसती फोटोंनी भरून टाकली, जानेवारी १९०५ चा अंक, आणि आता आपली नोकरी जाणार म्हणून घाबरून बसला. तर रस्त्यात लोक थांबवून अभिनंदन करायला लागले. त्याच वर्षात सभासद दहा हजारांच्या पुढे गेले. तोपर्यंत बेल खुर्चीवरून उतरला होता, १९०३ मध्येच, आणि पतंगांकडे परत गेला होता. चित्रं टाक, लोकांना दिसू दे, हे त्या पोराच्या मागे लागून लागून सांगितलेलं मात्र त्यानेच. ज्या मासिकाच्या पहिल्या काही वर्षांची मुखपृष्ठं विटकरी रंगाची आणि कोर्टाच्या फाइलसारखी, त्याला ही पिवळी चौकट सुद्धा १९१० मध्ये आली. आणि मला रविवारी दुपारी हे वाचताना अचानक लक्षात आलं की रद्दीवाला ज्याला भाव नाय म्हणाला तो चिकना कागद त्या फोटोंसाठीच तर असतो.

मेबलचं पुढे काय झालं ते पण वाचलं. १९०७ मध्ये नवऱ्याच्या उडायच्या प्रयोगांना धड चार तरुण मदतनीस मिळावेत म्हणून तिनेच एक मंडळ काढायचं सुचवलं आणि स्वतःच्या मालकीचं काहीतरी विकून २०,००० डॉलर घातले. १९०९ च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरासमोरच्या गोठलेल्या तळ्यावरून त्यांचं विमान खरंच उडालं. तिला त्याचं इंजिन ऐकू आलं नसणार. मी हे वाचून उठले, गॅलरीत गेले, आणि त्या पोट उघड्या रेडिओकडे बघत उभी राहिले. हात नाही लावला.

सोमवारी ऑफिसातून येताना रिक्षा न करता स्टेशनकडून चालत रद्दीवाल्याच्या दुकानावर गेले. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट, वरपर्यंत पेपर, मध्ये तो, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. म्हटलं काल जी पिवळी मासिकं दिलेली ती परत हवीत. तो म्हणाला चार गठ्ठे आहेत, एक गेला. कुठे गेला? तर एक शाळेतल्या बाई येऊन घेऊन गेल्या, पोरांना चित्रं कापून चिकटवायला. आप्पांच्या मासिकांची चित्रं पोरं कात्रीने कापणार. मला वाटलं होतं मला त्रास होईल, तसा झाला पण थोडा, पण तेवढा नाही. म्हटलं बरं, चार तर चार, सहा रुपये किलोने वजन कर. तो माझ्याकडे बघून असा हसला. "ताई, देताना किलोवर. नेताना नगावर. दहा रुपये एक." मी म्हटलं काल तर भाव नव्हता ह्याला. म्हणाला, "काल गिऱ्हाईक नव्हतं."

सगळे नाही आणले. एकच गठ्ठा आणला, आप्पांची गाठ अजून शाबूत असलेला, ४० अंक, ४०० रुपये, आणि पिशवीचे बंद खांद्यात रुतत होते. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबले. घरी आल्यावर नवरा दारात, त्याने पिशवी घेतली, आत बघितलं, काही बोलला नाही. मग मीच विचारलं. काल म्हणालास ते ओझं कुठलं रे? तो म्हणाला, "कुठलं?" अरे, आप्पांचं ओझं किती दिवस वागवायचं म्हणालास ना, जिन्यात. त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घालून. "अगं मासिकांचं. फळी बघितलीस का वरच्या कपाटाची? मधे दोन इंच वाकलीय. तुटली तर भाडेकरूच्या डोक्यात पडेल." मी वर जाऊन बघितलं. फळी वाकलीच होती, रिकामी असून पण वाकलेली.

रात्री पंप बंद करायला त्या दिवशी मी गेले. म्हटलं जाऊ, झुरळं तर झुरळं. पंपाची किल्ली मीटरच्या खोलीत असते, आप्पांच्या नकाशाशेजारच्या खिळ्याला. बल्ब लावला. प्लास्टिकच्या कव्हरचा एक कोपरा उचकटून परत चिकटपट्टीने लावलेला दिसला म्हणून जवळ जाऊन बघितलं, तर आप्पांच्या पेन्सिलीच्या बारीक रेघांवरून निळ्या बॉलपेनची एक रेघ काढलेली, जरा वाकडीच, नव्या टाकीपासून गच्चीपर्यंत, आणि जुन्या लाइनवर दोन फुल्या मारून खाली नवऱ्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं, 'ही बंद'. नव्या व्हॉल्व्हला नंबर दिलेला, १७, आप्पांचा शेवटचा १६ होता. उत्तरेचा बाण त्याने तसाच ठेवलाय, फक्त पेन्सिल पुसट झाली होती म्हणून त्यावरून एकदा पेन फिरवलंय.